दुखापतीचं कारण : नाच

चेंचोचा उजवा खांदा दुखावला तो तोब्गेच्या बाणामुळे. तो बाण चेंचोला लागला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लागला असता तर त्यात काहीतरी मर्दपणा होता, गावानं चार दिवस समाचाराला रांग लावली असती. तोब्गेचा बाण जिथं लागायचा तिथंच लागला, म्हणजे एकशे चाळीस मीटरवरच्या लाकडी फळीच्या बरोबर मध्यभागी. आणि आपल्या गड्याचा बाण फळीला लागला की साऱ्या संघानं रांगेत उभं राहून गाणं म्हणत नाचायचं, हा भूतानातला जुना रिवाज. चेंचो नाचला. जरा जास्तच नाचला. उजवा हात आभाळाकडे फेकून त्यानं जी गिरकी घेतली, त्या गिरकीत हात वर गेला आणि खांदा खालीच राहिला.

तोब्गे म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न करून चेंचोच्या गावी, शेलगांगच्या घरात राहायला आला तो धनुष्य घेऊनच आला. बाण लागला की कमरपट्ट्यात एक रंगीत रुमाल खोचतात. तोब्गेची कंबर संध्याकाळी वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी दिसायची. चेंचोला अकरा वर्षांत चार रुमाल मिळाले होते, आणि त्यातला एक बाण आधी दगडावर आपटून मग फळीला लागला होता, हे शेलगांगात कुणी विसरलं नव्हतं. चेंचोची खरी कीर्ती नाचात होती. "बाण कुणीही मारावा, नाचावं चेंचोनं," असं लोक म्हणत, आणि त्याला ते कौतुक वाटत नसे.

तरी संघात त्याची जागा होती, रांगेत अकरावी. ती त्याच्या बाबांची जागा. बाबांनी तिथं तीस वर्षं बाण मारले, आणि शेवटच्या आजारपणात बांबूचं धनुष्य त्याच्या हातात देऊन ते फक्त "अकरावा," एवढंच म्हणाले होते. थिंफूच्या कचेरीत चेंचो हेडक्लार्क होता, भाड्याच्या घरात राहत होता, डोक्यावरचे केस निम्मे गेले होते. पण दर लोसारला, नव्या वर्षाच्या सामन्यात, तो अकरावा उभा राहिला की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. बाकीचं वर्ष तेवढ्यावर निघायचं.

खांदा धरून तो मैदानात बसला होता तेव्हाच कप्तान नामगे शेजारी येऊन उकिडवा बसला. नामगे सुतार होता, चेंचोला 'आचो', म्हणजे दादा, म्हणे, आणि बोलणंही रंधा मारल्यासारखं होतं.

"आचो चेंचो, वाईट वाटून घेऊ नका. पण पोरं कुरकुरतात. या लोसारला फळीला एक तरी बाण लागला पाहिजे. नाही लागला, तर अकरावी जागा तोब्गेच्या धाकट्या भावाला. तुम्ही नाचायला या. नाचायला तुम्ही हवेतच."

खांदा दुखत होता, पण त्या शेवटच्या वाक्यानं चेंचोला जे झालं त्यापुढे खांदा काहीच नव्हता.

लोसारला तेव्हा बरोबर बारा आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी थिंफूच्या हॉस्पिटलच्या खिडकीशी चेंचो उभा राहिला. मागे वीसेक माणसांची रांग. आतल्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला.

"कसं झालं?"

"तिरंदाजीत."

"बाण मारताना?"

चेंचो जन्माचा सरकारी नोकर. फॉर्मवर खोटं लिहायची त्याला भीती वाटे. "मारताना असं नाही. मारल्यानंतर."

"तुम्ही मारल्यानंतर?"

"मेहुण्यानं मारल्यानंतर."

बाईंनी पेन थांबवलं. "मग तुम्ही काय करत होता?"

मागची रांग एक पाऊल पुढे सरकली. खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले.

"नाचत होतो," चेंचो म्हणाला.

बाईंनी 'दुखापतीचं कारण' या रकान्यात 'नाच' असं लिहिलं आणि शिक्का मारला. आत डॉक्टरांनी खांदा दाबून, फिरवून, चेंचोला दोनदा ओरडायला लावून सांगितलं की आतले स्नायू ताणले गेलेत; दोन आठवडे रजा, आणि सध्या धनुष्याला हात लावायचा नाही. पुढचे व्यायाम यांगदोन नावाची एक तरुण बाई शिकवणार होती. तिनं रबराचा पट्टा दाराच्या कडीला बांधून दिला आणि ओढायला लावलं.

"हातानं नाही, आचो. पाठीनं ओढा. खांद्याची दोन्ही पाती एकमेकींकडे न्या."

"मी अकरा वर्षं धनुष्य ओढतोय," चेंचो म्हणाला.

"ते दिसतंय खांद्यावर," ती म्हणाली.

धनुष्याला कधी हात न लावलेल्या मुलीनं आपल्याला धनुष्य ओढायला शिकवावं, हे चेंचोच्या मनाला लागलं. त्यानं पट्टा घरी नेला आणि तो त्याच्या बायकोनं, ल्हादेननं, लोणच्याच्या बरणीचं झाकण बांधायला घेतला.

आता ते हॉस्पिटलचं सर्टिफिकेट, त्यावरही 'नाच'च होतं. रजेसाठी ते कचेरीत द्यावं लागणार होतं. चेंचोची कचेरी फळझाडं मोजणारी, आणि तिचे मुख्य अधिकारी दाशो किन्ले. दाशो गृहस्थ म्हणून चांगले होते. त्यांच्यात दोष एकच. ते वांगतोखा गावचे होते. वांगतोखा म्हणजे शेलगांगच्या पलीकडच्या उतारावरचं गाव, लोसारच्या सामन्यातला पिढीजात प्रतिस्पर्धी, आणि दाशो त्या संघाचे कप्तान. हा 'नाच' त्यांच्या टेबलावर ठेवायचा म्हणजे आपली मान आपणच कापून ताटात वाढायची.

चेंचोनं ठरवलं की कारण दुरुस्त करून घ्यायचं. 'नाच' खोडून 'तिरंदाजी'. एका शब्दाचं काम. चौदा वर्षं तो स्वतः लोकांना एका शब्दासाठी डोंगराखालून वर आणि वरून खाली पाठवत आला होता. सफरचंदाचं झाड 'घरामागे' आहे की 'घराशेजारी' यावरून त्यानं एका म्हाताऱ्याला तीन खेपा घालायला लावल्या होत्या. त्यामुळे ही गोष्ट किती सोपी नाही, हे खरं तर त्यालाच सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या, "दुरुस्ती होईल. तुम्ही त्या दिवशी तिरंदाजी करत होता असं तुमच्या कचेरीचं पत्र आणा."

म्हणजे शेवटी दाशोंकडेच जायचं होतं. दाशोंनी सर्टिफिकेट वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. त्यांच्या गालातला दोमाचा विडा हलायचा थांबला होता.

"बसा, चेंचो. चहा घ्या. खांदा फार दुखतो का?"

"थोडा, दाशो."

"नाचानं?"

"तिरंदाजीच्या वेळी, दाशो. तेवढं पत्र मिळालं असतं तर..."

"देतो की. का नाही देणार? नियमात बसेल ते सगळं देतो."

आणि त्यांनी दिलं. पत्रात लिहिलं होतं : 'सदर कर्मचारी उक्त दिवशी तिरंदाजीच्या मैदानावर हजर होता. मात्र तो तिरंदाजी करतो असा पुरावा गेल्या अकरा वर्षांत उपलब्ध झालेला नाही.'

हॉस्पिटलच्या बाईंनी पत्र मन लावून वाचलं, फाइलला लावलं आणि 'नाच' या शब्दापुढे कंसात लिहिलं, 'कार्यालयाचा दुजोरा'. आणखी एक शिक्का बसला. सर्टिफिकेटची एक प्रत दाशोंच्या खणात गेली, आणि तो खण त्यांनी किल्ली फिरवून बंद केला. कचेरीतला एवढा एकच खण कुलूपबंद होता.

घरी सल्लागारांची वर्दळ सुरू झाली. समोरच्या दुकानातल्या अम पेल्देननं लोणी आणि अंडं घालून गरम केलेली आरा, म्हणजे घरची दारू, आणली. "अर्धी चोळायची, अर्धी प्यायची," असं सांगून ती गेली. चेंचोनं आधी प्यायची अर्धी घेतली. मग चोळायची अर्धी चोळण्याआधी एकदा चव बघितली, आणि चोळायला काही उरलं नाही. खांद्याला त्या दिवशी खरोखरच बरं वाटलं. तोब्गेनं शेलगांगहून फोन केला, "दादा, तुम्ही सोडताना जीभ बाहेर काढता. ती आत ठेवून बघा." हा सल्ला खरा होता म्हणून चेंचोनं फोन ठेवून दिला.

पण सगळ्यात मोठे सल्लागार म्हणजे खालच्या मजल्यावरचे मेमे, म्हणजे आजोबा, वांगदा. वय एकोणऐंशी. त्यांच्या तरुणपणी त्यांचा बाण चुकला की लोक दिशा तपासत, असं ते स्वतः सांगत. रोज संध्याकाळी ते लोण्याचा चहा प्यायला वर येत आणि चेंचोला भिंतीसमोर उभं करून रिकाम्या हातानं नेम धरायला लावत.

"कोपर वर! एवढं नाही. खाली! मान कशाला वाकडी? बाण बघू नकोस, फळी बघ. फळीही बघू नकोस, तिच्यामागचा डोंगर बघ."

"मेमे, इथं भिंत आहे."

"तुझ्या बाबाला भिंतीतून दिसायचं."

रिकाम्या हातानंच, कारण धनुष्याला डॉक्टरांनी मनाई केली होती. आणि ते खुंटीवर अशा उंचीवर टांगलेलं होतं की ल्हादेनचा हात चुकूनही लागू नये. बाईचा हात धनुष्याला लागला की ते बिघडतं, ही मेमेंची आणि सगळ्या तिरंदाजांची पक्की समजूत. ल्हादेनला त्याचं काही नव्हतं. घरातली बाकी सगळी कामं तिच्या हाताला लागूनच होत होती, तेव्हा एक वस्तू कमी पुसावी लागते हे तिला बरंच वाटे.

ल्हादेन विणायची. खिडकीशी जमिनीवर बसून, पाय समोरच्या लाकडाला रोवून, मागाचा पट्टा कमरेमागे अडकवून ती दिवसचे दिवस विणत असे, आणि तिच्या कापडाला पारोपर्यंत मागणी होती. घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा भूतानी अंगरखा, नेसायला दोन हात लागतात आणि चेंचोकडे एकच होता, त्यामुळे रोज सकाळी तीच त्याला नेसवायची. त्याच्या पाठीला गुडघा लावून कमरपट्टा आवळायची, तेव्हा त्याचा जीव गळ्याशी यायचा.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मेमे गेल्यावर ती विणता विणता म्हणाली, "मघापासून बघतेय. खांदा कानाला लावून काय ऐकत असतोस?"

"काय?"

"ओढायला लागलास की खांदा कानापर्यंत जातो. सगळा जोर हातात. मी असं ओढलं असतं तर तिशीतच माझे हात गळून पडले असते."

"विणणं वेगळं, तिरंदाजी वेगळी."

"मला काय माहीत? मी धनुष्याला हात कुठं लावलाय? तू पट्टा लावून बस इथं. कोणी बघत नाही."

चेंचोनं दाराची कडी लावली, पडदा ओढला, पुन्हा कडी तपासली आणि मागावर बसला. पट्टा कमरेमागे लागला. त्यानं हातानं सूत ओढलं तर माग लोळागोळा होऊन अंगावर आला. ल्हादेननं विणायची लाकडी पट्टी उचलली आणि त्याच्या खांद्यावर टोचली.

"हा खाली. आता पाय रोव. पाठ टेक. पट्ट्यावर रेल, जसं कोणीतरी मागून धरलंय. हां. हात सोड."

"हात सोडला तर ओढणार कशानं?"

"बघ की कशानं ओढलं गेलंय ते."

चेंचोनं बघितलं. सगळं सूत ताठ झालं होतं. हात नुसता ठेवल्यासारखा होता, खांदा दुखत नव्हता, आणि दोन पात्यांच्या मध्ये पाठीत काहीतरी, चाळीसहून जास्त वर्षं रिकामं बसलेलं, कामाला लागलं होतं. त्यानं पुन्हा एकदा रेलून बघितलं. मग म्हणाला, "हे ती यांगदोन म्हणत होती."

"मग ऐकलं का नाहीस?"

"ती धनुष्य ओढत नाही."

"मी तरी कुठं ओढते!" ल्हादेन म्हणाली आणि इतकी हसली की पट्टी हातातून पडली.

तेव्हापासून कचेरीतून आलं की चेंचो तासभर मागावर बसायचा. पाय रोव, पाठ टेक, हात सोड. ती म्हणायची आणि तो करायचा. घाई केली की सूत तुटायचं आणि ती म्हणायची, "घाई नको. सूत तुटतं." नुसतं बसण्यापेक्षा काहीतरी विणावं म्हणून तिनं त्याला एक अरुंद पट्टी लावून दिली, लाल आणि पिवळी. ती वीतभर विणून होईपर्यंत दोनदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेली. पण चेंचोला ती फार आवडली. कचेरीत सफरचंदाच्या नोंदी करताना तो मनात उद्याचा पिवळा धागा मोजायचा.

व्हायचं ते सहाव्या आठवड्यात झालं. कडी लावायची राहिली आणि मेमे वांगदा चहाला आत आले. चेंचो मागावर, कमरेला पट्टा, हातात लाल सूत. मेमे काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांनी चेंचोकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं, खुंटीवरच्या धनुष्याकडे पाहिलं, आणि आधी धूपदानीत जुनिपरचा पाला टाकून धनुष्याभोवती धूर फिरवला. सगळं शुद्ध करून झाल्यावर ते चहाला बसले.

"मेमे, कुणाला सांगू नका," चेंचो म्हणाला.

"मी?" मेमे दुखावले. "मी कशाला सांगू?"

दोन दिवसांनी अम पेल्देननं दुकानात चेंचोला विचारलं, "माझ्या नातीसाठी एक विणून देशील का रे?"

म्हणजे आता ते आठवडाभरात दोन्ही गावांत पोचणार होतं. मेमेंच्या पोटात अन्न टिकायचं, बातमी टिकायची नाही.

दहाव्या आठवड्यात यांगदोननं खांदा तपासला आणि पुन्हा एकदा तपासला. "आचो, पाठ कुठून आणलीत ही? धनुष्य धरा. रोज दहा बाण, त्याहून जास्त नाही. सामनाही खेळा." चेंचो उठायला लागला तशी ती म्हणाली, "एक अट. हात डोक्यावर नेऊन झटका द्यायचा नाही. म्हणजे तिरंदाजी करा, पण नाचायचं मात्र नाही."

"माझ्या नाचायचा प्रश्नच येत नाही," चेंचो म्हणाला. ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं होतं.

लोसार उजाडला. सामना यंदा वांगतोखाच्या मैदानावर होता. रिवाजाप्रमाणे शेलगांगचे तेराही जण आदल्या रात्री बायकांपासून दूर धान्याच्या कोठीत झोपले होते, आणि ज्योतिष्यानं सांगितल्याप्रमाणे उत्तरेकडून, एक कुंपण मोडून, मैदानात शिरले. चेंचोचं लक्ष मात्र पलीकडे होतं. ल्हादेन मूळची वांगतोखाची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, तरी लोसारच्या सामन्याला ती माहेरच्या बायकांच्या रांगेत उभी राहायची, आणि त्या रांगेचं काम समोरच्या तिरंदाजाला गाण्यातून जमेल तेवढं छळायचं. दरवर्षी ती नवऱ्याचं टक्कल, ढेरी आणि घोरणं यांवर एकेक कडवं म्हणायची. ते चेंचो समजून घेत असे. रिवाज म्हणजे रिवाज.

यंदा मात्र त्यानं त्या रांगेकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. वांगतोखाच्या बायकांनी एका काठीला निशाणासारखं काहीतरी बांधलं होतं. लाल आणि पिवळं. दोनदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेलेलं.

ती पट्टी घरात ट्रंकेत होती. ट्रंकेची किल्ली दोघांकडेच होती.

पहिल्या फेरीला तो उभा राहिला तेव्हा दाशो किन्ले पुढे आले. घोच्या छातीतल्या खोळीतून त्यांनी एक कागद काढला, आणि धर्मग्रंथ वाचावा तशा लांब सुरात वाचायला लागले, "रुग्णाचं नाव, चेंचो! वय, शेचाळीस! दुखापतीचं कारण..."

"नाच!" अख्खं वांगतोखा ओरडलं.

"कंसात, कार्यालयाचा..."

"दुजोरा!"

चेंचोचा खांदा आपोआप कानाला लागला. बाण कुठं गेला ते कुणी नीट पाहिलं नाही. फळीपाशी उभी असलेली माणसं मात्र दोन्हीकडे पांगली. दिवसभर हेच चाललं. फेरीमागून फेरी, प्रत्येक फेरीत दोन बाण. एकटा असताना घरामागच्या शेतात ज्या पाठीनं त्याला कधी दगा दिला नाही, ती इथं हाक मारूनही येईना. चार बाण फळीच्या अलीकडे पडले, काही पलीकडे, एक सलगमच्या वाफ्यात. तोब्गेच्या कमरेला सहा रुमाल झाले. जेवणात मिरच्या आणि चीजची एमा दात्शी होती, पण चेंचोला मिरचीसुद्धा लागली नाही. कप्तान नामगे जवळ येऊन बसला, पण त्याची नजर पलीकडे होती. पलीकडे तोब्गेचा धाकटा भाऊ धनुष्याची दोरी ताणून बघत होता. तसा चांगला मुलगा होता तो. चेंचोला त्याचा राग येईना, म्हणून त्याला आणखी वाईट वाटलं.

ऊन डोंगराला टेकलं तेव्हा शेवटची फेरी आली. वांगतोखाला जिंकायला थोडंच हवं होतं आणि शेलगांगला फार, तेव्हा सामन्याचा निकाल साऱ्यांना दिसत होता. उरली होती फक्त अकरावी जागा.

पहिला बाण सुटला आणि गवतात गेला. बायका खिदळल्या. चेंचोनं शेवटचा बाण दोरीला लावला. त्याला बाबा आठवले, आजारपणातले नाही, या रेषेवर उभे असलेले. आणि तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एकच आवाज उठला. एकोणीस वर्षं रोज ऐकलेला.

"पाय रोव, बाई, पाठ टेक, बाई,
हात सोड, बाई, विणकर बाई!
घाई नको, बाई, सूत तुटतं, बाई,
शेलगांगची आमची विणकर बाई!"

मैदान हसून लोटपोट झालं. दाशोंना ठसका लागला. बाकीच्या बायकांनी ते कडवं उचललं, टाळ्या धरल्या, लाल-पिवळी पट्टी नाचवायला लागल्या. इतका जिव्हारी लागणारा अपमान वांगतोखाच्या बायकांनी आजवर रचला नव्हता, आणि चेंचोचे कान तापले. घरची बाई, आणि तिनं हे असं चव्हाट्यावर आणावं!

मग दुसऱ्यांदा कडवं आलं आणि त्यानं ते ऐकलं. हा अपमान तो कित्येक आठवडे रोज ऐकत आला होता. त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ल्हादेन इतरांसारखी हसत नव्हती. तिचं तोंड गात होतं, आणि डोळे त्याच्या उजव्या खांद्यावर होते, विणायची लाकडी पट्टी टोचायला तयार असल्यासारखे.

चेंचोनं पाय रोवले. पाठ टेकली. कमरेमागे पट्टा नव्हता, तरी कोणीतरी मागून धरल्यासारखं वाटलं. खांदा कानावरून उतरला, बाबांचं धनुष्य उघडत गेलं, आणि साऱ्या वांगतोखाच्या बायका टाळ्या पिटून त्याला सांगत होत्या की घाई नको, म्हणून त्यानं घाई केली नाही. जीभसुद्धा आत होती. त्यानं हात सोडला.

बाण वर गेला, उन्हात चमकला, दिसेनासा झाला. मग दूरवरून फळीचा आवाज आला, आणि फळीपाशी उभे असलेले शेलगांगचे गडी उड्या मारायला लागले.

बायकांचं गाणं मध्येच थांबलं. म्हाताऱ्या एका मावशीनं ल्हादेनकडे वळून विचारलं, "काय गं, तू त्याला छळत होतीस की शिकवत होतीस?"

"मी त्याला बाई म्हटलं, मावशी," ल्हादेन म्हणाली. "आणखी काय म्हणू?"

तोब्गे धावत आला. रुमाल खोचायला त्यानं हात पुढे केला, पण चेंचोनं तो थांबवला आणि बायकांच्या रांगेकडे गेला. काठीची लाल-पिवळी पट्टी सोडली, स्वतःच्या कमरपट्ट्यात खोचली. दाशो किन्ले समोर उभे होते. त्यांनी सर्टिफिकेटची घडी केली, ती खोळीत ठेवली, आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. शेवटी तेही तिरंदाज होते.

आता शेलगांगची रांग नाचायला उभी राहिली. यांगदोनची अट चेंचोला चांगली आठवत होती. त्यानं ठरवलं की नुसते पाय हलवायचे. पहिलं कडवं त्यानं पायांवर काढलं. दुसऱ्या कडव्याला डावा हात वर गेला. पण आयुष्यात शेकडो वेळा तो इतरांच्या बाणांवर नाचला होता, आणि आजचा बाण त्याचा होता. तिसऱ्या कडव्याला उजवा हात आभाळाकडे गेला, गिरकी आली, आणि ल्हादेन पलीकडून ओरडली, "चेंचो, नको!"

सामना वांगतोखानं जिंकला. अकरावी जागा चेंचोची राहिली.

सुट्टी संपल्यावर तो हॉस्पिटलच्या त्याच खिडकीशी उभा होता, हात गळ्यात, कमरेला लाल-पिवळी पट्टी. मागे ल्हादेन होती आणि तिच्यामागे रांग. बाईंनी त्याला ओळखलं आणि फॉर्म पुढे ओढला.

"कसं झालं? सांभाळून सांगा, मागच्या वेळी दुरुस्तीला फार कागद लागले."

"नाचताना," चेंचो रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

"कुणाच्या बाणावर?"

"माझ्या," चेंचो म्हणाला. "तेवढं कंसात लिहा. आणि दोन प्रती द्या, एक दाशोंच्या खणात ठेवायची आहे."